अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केले होते? छातीची तपासणी आणि नुकसानभरपाईचा हक्क

तुम्ही, तुमचे वडील किंवा सासरे कधीकाळी सिमेंटचे पत्रे व पाइप, ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट, गॅस्केट किंवा अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी आणि कापड बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते का? गिरणीतल्या किंवा वीजकेंद्रातल्या बॉयलरचे लॅगिंग काढायचे-बसवायचे काम केले आहे का? दारूखान्यात किंवा अलंगला जुनी जहाजे तोडली आहेत का? असे असेल आणि आता चालताना दम लागत असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. काम सोडून वीस-पंचवीस वर्षे झाली असली तरीही वाचा. उलट तेव्हा तर नक्कीच.

मी तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवतो. मुंबईत घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे कारखाने होते. व्हीआरएस घेऊन किंवा निवृत्त होऊन गावी परतलेले अनेक जण इकडे येतात. काही वर्षांपूर्वी असेच एक काका कोरडा खोकला आणि धाप घेऊन आले. एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात डाग होते. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी मी टीबीची औषधे सुरू केली. सहा महिन्यांत काहीच फरक पडला नाही. मग एकदा बोलता बोलता काकूंनी सांगितले, "ह्यांच्या कपड्यांवर कापसासारखी पांढरी धूळ असायची, मी रोज अंगणात झटकायचे." काका बावीस वर्षे कार्डिंग खात्यात होते. मी पहिल्याच दिवशी विचारले असते, तर त्यांचे सहा महिने वाचले असते. तेव्हापासून साठीच्या पुढच्या प्रत्येक पेशंटला मी कामाबद्दल विचारतो. पण तुमच्या डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका, तुम्हीच सांगा.

धूळ छातीत जाऊन करते काय?

अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतूंचे बनलेले खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही, म्हणूनच कारखान्यांना आवडले. तोच गुण फुफ्फुसात घातक ठरतो. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू श्वासाबरोबर खोलवर जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यांच्याभोवती वर्षानुवर्षे सूज राहते, पुढे व्रण तयार होतो. स्पंजसारखे मऊ फुफ्फुस हळूहळू कडक होत जाते. यालाच अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. साधारणपणे दहा-वीस वर्षे धूळ अंगावर घेतल्यावर हा आजार दिसतो आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो.

दुसरा परिणाम फुफ्फुसाच्या आवरणावर होतो. आवरणावर जाड चकत्या बनतात. या चकत्या म्हणजे कॅन्सर नव्हे, त्यांचा सहसा त्रासही होत नाही. पण अ‍ॅस्बेस्टॉस छातीत गेला होता याची ती खूण आहे, आणि दाव्याच्या वेळी ही खूण कामाला येते.

तिसरा म्हणजे कॅन्सर. फुफ्फुसाचा कॅन्सर आणि आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा. मेसोथेलिओमा धुळीशी संबंध आल्यानंतर वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा होतो. काही वेळा थोड्या काळाच्या संपर्कानंतरही होतो. विडी-सिगारेट आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. मेसोथेलिओमाचा मात्र विडीशी संबंध नाही. त्यामुळे "तुम्ही विडी ओढायचात, त्यामुळे झाले" असे कोणी म्हणाले तर निदान कोणते आहे ते आधी विचारा.

"आमच्याकडे पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस होता, तो सुरक्षित असतो" असे कामगारांना वर्षानुवर्षे सांगितले गेले. ते खरे नाही. पांढऱ्यासह सर्व प्रकारचा अ‍ॅस्बेस्टॉस माणसात कॅन्सर करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचे स्पष्ट मत आहे. जगातल्या अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे खाणकाम थांबले, पण पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस बाहेरून आयात होतो आणि पत्र्यांसाठी वापरला जातो.

टीबी समजून चूक कुठे होते?

दम, खोकला, वजन घटणे ही लक्षणे टीबीचीही आहेत. आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरांच्या मनात तोच आधी येतो. त्यात गैर काही नाही, थुंकीची तपासणी व्हायलाच हवी. पण थुंकीत किंवा जीन एक्सपर्ट तपासणीत जंतू नाहीत, औषधे घेऊनही एक्स-रे तसाच आहे आणि धुळीच्या कामाचा इतिहास आहे, असे तिन्ही जुळले तर निदान पुन्हा तपासून घ्या. छातीच्या एकाच बाजूला पाणी होत असेल, ते काढल्यावर पुन्हा भरत असेल आणि बरगड्यांत सतत दुखत असेल, तर आवरणाचा तुकडा काढून तपासणे टाळू नका. मेसोथेलिओमाचे निदान नुसत्या पाण्याच्या तपासणीवर अनेकदा होत नाही.

अ‍ॅस्बेस्टॉसिससाठी साध्या तपासणीतही बरेच कळते. पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला की श्वास घेताना चपलेचा वेल्क्रो पट्टा उघडावा तसा आवाज येतो. काहींची नखे फुगीर होतात. त्यानंतर छातीचा एक्स-रे, पण सुरुवातीच्या काळात तो नॉर्मल येऊ शकतो. म्हणून एचआरसीटी करावा. फुफ्फुसाची क्षमता मोजण्यासाठी पीएफटी करावी आणि तीत डीएलसीओ ही चाचणी असावी. फुंकण्याची साधी चाचणी बरी आली तरी डीएलसीओ कमी असू शकते. क्षमता किती टक्के घटली हे कागदावर आले नाही, तर पुढे भरपाईची रक्कम ठरवताना अडते.

गेलेली क्षमता परत आणणारे औषध नाही. वाढत्या फायब्रोसिसमध्ये नुकसानाचा वेग कमी करणारी काही औषधे छातीविकारतज्ज्ञ देतात. विडी, सिगारेट बंद करणे हा सर्वांत मोठा उपाय, आणि तो आजही उपयोगी पडतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्या. श्वसनाचे व्यायाम करा. रक्तातला ऑक्सिजन कमी राहत असेल तर घरी ऑक्सिजन लागतो. थुंकीतून रक्त आले, आवाज बसला किंवा वजन झपाट्याने उतरले, तर लगेच दाखवा.

कागद आजच गोळा करा

या आजाराची खरी अडचण काळाची आहे. छाती बिघडेपर्यंत कारखाना बंद झालेला असतो, त्या जागी टॉवर उभे असतात, मुकादम वारलेला असतो आणि हजेरीची पुस्तके रद्दीत गेलेली असतात. भरपाईच्या दाव्यात मात्र तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: तुम्ही तिथे कामाला होता, त्या कामात अ‍ॅस्बेस्टॉस होता, आणि आजार त्यामुळे झाला.

पहिल्या गोष्टीसाठी नेमणूक पत्र, पगारचिठ्ठी, गेटपास, सर्व्हिस सर्टिफिकेट, ईएसआयचे कार्ड यांतले जे असेल ते शोधा. काहीच नसेल तर पीएफचा उतारा किंवा पेन्शनचा पीपीओ बघा, त्यावरून मालक आणि नोकरीचा काळ कळतो. माझ्या अनुभवात हाच कागद घरात सापडतो, कारण पेन्शनमुळे तो कोणी फेकत नाही. दुसऱ्या गोष्टीसाठी तुमच्याच खात्यातल्या दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांची नावे आणि पत्ते लिहून ठेवा. कोणते खाते, कोणते मशीन, गोण्या हाताने फोडायचात का, मास्क मिळायचा का, हे सगळे आठवेल तसे स्वतःच्या शब्दांत लिहा आणि खाली तारीख घाला. कारखान्याच्या तपासणीचे अहवाल औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात.

तिसरा कागद आम्हा डॉक्टरांकडून घ्यायचा. केसपेपरवर नुसते "फायब्रोसिस" किंवा "जुना दमा" लिहून घेऊन घरी जाऊ नका. तज्ज्ञांना विनंती करा की कामाचा इतिहासही लिहा. मजकूर साधारण असा असावा: "सदर रुग्णाने १९७९ ते २००१ या काळात अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात कार्डिंग विभागात काम केले आहे. शारीरिक तपासणी, एचआरसीटी व पीएफटीवरून अ‍ॅस्बेस्टॉसिसचे निदान केले आहे. हा आजार कामातील धुळीमुळे झाला असे माझे मत आहे." शेवटचे वाक्य लिहायला काही डॉक्टर कचरतात, कोर्टात जावे लागेल अशी भीती असते. त्यांना नम्रपणे आठवण करून द्या की अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये तो तिसऱ्या अनुसूचीत होता आणि रुग्ण आढळल्यास मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य होते. हीच तरतूद आता नव्या संहितेत आहे. आमच्यापैकी फार थोडे जण ते करतात, हे कबूल करायला हवे.

कंपनीकडे तुमची जुनी वैद्यकीय नोंद असायला हवी. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. प्रत्येक अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराची आरोग्य नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश न्यायालयाने दिला. त्या खटल्यातील कामगारांची अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडून तपासणी करून, आजार आढळलेल्यांना प्रत्येकी १ लाख रुपये देण्यासही सांगितले. २०११ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घालण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली, पण १९९५ चे आदेश कायम असल्याचे स्पष्ट केले. म्हणून कंपनी चालू असेल तर तुमच्या आरोग्य नोंदीची प्रत रजिस्टर पोस्टाने, लेखी मागा. उत्तर आले नाही तरी पोस्टाची पावती जपून ठेवा.

दावा कुठे करायचा?

आधी हे ठरवा की तुम्ही ईएसआयमध्ये होता की नाही. पगारातून ईएसआय कापली जात असेल तर दावा ईएसआय महामंडळाकडे करायचा. त्या स्थितीत त्याच आजारासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. महामंडळाचे वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवते आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. पूर्ण क्षमता गेली असेल तर सरासरी पगाराच्या ९० टक्के धरतात. कामगार याच आजाराने वारला तर विधवेला आणि इतर अवलंबितांना मासिक लाभ मिळतो. मंडळाने टक्के कमी ठरवले तर अपील करता येते, आणि करावे. नोकरी सुटली म्हणून अर्जच घेत नाही असे खिडकीवर तोंडी सांगितले तर ऐकून परत येऊ नका. अर्ज आवक विभागात द्या, शिक्का घ्या आणि नकार लेखी मागा.

ईएसआय नव्हती तर कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा रस्ता आहे. मूळ कायदा १९२३ चा. अ‍ॅस्बेस्टॉसिस, तसेच अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा हे त्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत आहेत. यादीतला रोग आणि ठरावीक काळाची सलग नोकरी असेल, तर रोग कामामुळेच झाला असे कायदा धरून चालतो. ठेकेदारामार्फत काम केले असेल तरी मूळ कंपनीकडून भरपाई मागता येते.

रक्कम कशी ठरते याचा अंदाज यावा म्हणून जुन्या कायद्याचे एक उदाहरण देतो. कायमची पूर्ण अक्षमता असेल तर मासिक पगाराचे ६० टक्के गुणिले वयानुसारचा आकडा. ६५ किंवा त्याहून जास्त वयाला हा आकडा ९९.३७ आहे. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. म्हणजे ९,००० गुणिले ९९.३७, सुमारे ८ लाख ९४ हजार. अक्षमता ४० टक्के असेल तर त्याचे ४० टक्के, सुमारे ३ लाख ५८ हजार. निवृत्त माणसाचा पगार कोणता धरायचा यावर वाद होऊ शकतो. जुना पगार कमी असेल तर रक्कम खाली येते, हे मनात धरून चला.

आता मुदतीबद्दल. दावा दोन वर्षांत करायचा असतो. नोकरी सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर लक्षणे आढळली तो दिवस धरून मोजायचे असे जुन्या कायद्यात स्पष्ट आहे. वीस वर्षांनी दिसणाऱ्या आजाराला ही मोजणी कशी पुरणार, हा प्रश्न कोणालाही पडेल. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर यंत्रात हात सापडलेला कामगार होता, श्वास कोंडत जाणारा नव्हता. समोरचा वकील हाच मुद्दा काढू शकतो. पण सबळ कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि निदानच उशिरा झाले हे त्यातले सर्वांत सरळ कारण. त्यासाठी पहिल्यांदा निदान ज्या कागदावर लिहिले गेले, त्याची तारीख फार महत्त्वाची. तो मूळ कागद कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. हा रस्ता बंदच झाला तर १९९५ च्या निकालाच्या आधारे उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याबद्दल वकिलाला विचारा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. ईएसआय आणि नुकसानभरपाईचे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत, तर कारखाने अधिनियम व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला आहे. व्यावसायिक रोगांची यादी तिथेही आहे. तुमचा दावा जुन्या कायद्याखाली बसतो की नव्या, हा प्रश्न वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. औद्योगिक कामगार आणि स्त्रिया हे दोघेही मोफत वकील मिळण्यास पात्र आहेत.

व्हीआरएसच्या वेळी "यापुढे माझा कोणताही दावा नाही" अशा कागदावर सही केली होती, आता काय करणार, असे बरेच जण विचारतात. नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार या कायद्याने रद्दबातल मानला आहे. ती सही आहे म्हणून घरी बसू नका. आणि आता कोणी रोख रक्कम देऊन नव्या कागदावर सही मागत असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

कामगार हयात नसेल तर

अवलंबित विधवा, मुले आणि आई-वडील दावा करू शकतात. अडचण मृत्यूच्या दाखल्याची असते. त्यावर बहुतेक वेळा "हृदय बंद पडल्याने" एवढेच लिहिलेले असते, आणि मग आजाराशी संबंध जोडणे अवघड जाते. घरात अ‍ॅस्बेस्टॉसिसचा किंवा मेसोथेलिओमाचा पेशंट असेल तर हे आधीच माहीत असलेले बरे. मृत्यूचे कारण लिहिताना मूळ आजारही लिहावा, असे डॉक्टरांना सांगा. दुःखाच्या वेळी हे सुचत नाही, म्हणून घरातल्या एकाने ही जबाबदारी आधीच घ्यावी. बायोप्सी झाली असेल तर तिचा मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबमधून मागून घ्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत लागले तर त्या उपयोगी पडतात. सगळे सीटी आणि रिपोर्ट एका फायलीत तारखेप्रमाणे लावा.

घरातल्यांनाही विचारा

अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हे आजार झाल्याची उदाहरणे जगभर आहेत. कामगार कायद्यात त्यांना थेट भरपाई नाही, त्यांच्यासाठी दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय हेच मार्ग उरतात. पण तपासणीला कायद्याची गरज नाही. घरावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत म्हणून मात्र घाबरू नका. अखंड पत्र्याखाली राहण्याचा धोका कारखान्यातल्या धुळीच्या मानाने फार कमी आहे. फक्त ते कापू नका, भोके पाडू नका, कोरड्या ब्रशने घासू नका, आणि काढायचेच झाले तर पाणी मारून ओले करा, न फोडता उतरवा.

वर सांगितलेल्या काकांचे निदान शेवटी एचआरसीटीवर झाले आणि पीपीओमुळे त्यांच्या नोकरीचा पुरावा मिळाला. काकूंचा एक्स-रे काढला तेव्हा त्यांच्याही आवरणावर चकत्या दिसल्या. त्यांना त्रास काही नाही, वर्षातून एकदा दोघे एकत्र तपासणीला येतात. तुम्ही तपासणीला जाल तेव्हा बायकोलाही बरोबर घेऊन जा.